वॉलनट ग्रोव्हची उधारी

दोन वर्षांपूर्वी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिनेसोटाला आली, तेव्हा बाहेर उणे वीस तापमान होतं आणि दुपारी तिला करायला काही नव्हतं. मी तिला ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही जुनी अमेरिकी मालिका लावून दिली. इंग्रजी तिला जेमतेम कळतं. पण तिच्यातला शेतकरी बाप चार्ल्स इंगल्स नांगर आणि बियाणं उधारीवर घेतो, त्याच्या बदल्यात धान्याच्या व्यापाऱ्याकडे राबायचं कबूल करतो आणि बैलजोडी तारण ठेवतो, हे तिला न सांगता समजलं. पुढे तो झाडावरून पडतो, बरगड्या मोडतात, काम अडतं आणि व्यापारी बैल न्यायला दारात येतो. आई मेथी निवडत होती, तिचे हात थांबले. “जोडी न्यायला आला तो,” ती म्हणाली. बहात्तरच्या दुष्काळात माणमध्ये तिच्या वडिलांच्या दावणीची जोडी अशीच गेली होती.

नंतर एका भागात गारपिटीनं गहू झोपतो आणि बाप काम शोधायला पायी बाहेर पडतो, तेव्हा तिला काही विचारावंच लागलं नाही.

ही मालिका जगभर का चालली, याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं. १९७४ ते १९८३ अशी नऊ वर्षं ती अमेरिकेत एनबीसीवर होती आणि दोनशेहून जास्त भाग झाले. आज पन्नास वर्षांनीही तिथली घरं ती ओढीनं बघतात. २०२४ या एका वर्षात अमेरिकेत ती तेरा अब्जांहून अधिक मिनिटं पाहिली गेली. तिच्यात पिस्तूल क्वचित निघतं. तिच्यात आहे ती उधारी, पीक, आजारपण, शाळा, आणि संकटात धावून येणारा गाव. शेतकरी कुटुंबातून आलेल्या कुणालाही ती आपली वाटेल. मलाही वाटते, आजही.

म्हणूनच मला तिच्याबद्दल बोलायचं आहे. २०२५ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सनं ही गोष्ट नव्यानं करण्याची घोषणा केली आणि जुना वाद पुन्हा उकळला. एका बाजूला म्हणतात, ही गोऱ्या वसाहतवाल्यांची गौरवगाथा आहे, ती मुलांसमोर नकोच. दुसरी बाजू म्हणते, एका साध्या कुटुंबाच्या गोष्टीत राजकारण कशाला घुसवता. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. इंगल्स कुटुंबाचे कष्ट खरे होते आणि ते दाखवलेच पाहिजेत. पण ज्या जमिनीवर ते कष्ट झाले ती रिकामी होती, हे खोटं आहे. वेस्टर्न मालिकांनी, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेत गोरे लोक वसले त्या काळाच्या गोष्टींनी, अनेक गोष्टी चुकीच्या दाखवल्या असतील. त्यांतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात टिकलेली चूक म्हणजे हे रिकामं माळरान.

एरवी वेस्टर्नवर टीका होते ती गोळीबारावरून. १९५८-५९ च्या हंगामात अमेरिकेतल्या सगळ्यात लोकप्रिय दहा मालिकांपैकी सात वेस्टर्न होत्या आणि पहिली होती ‘गनस्मोक’, म्हणजे डॉज सिटीच्या मार्शलची गोष्ट. ती वीस वर्षं चालली, ६३५ भाग झाले. खऱ्या डॉज सिटीत मात्र शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती आणि तसा फलक रस्त्यात उभा होता. रॉबर्ट डिकस्ट्रा या इतिहासकारानं कॅन्ससमधल्या पाच गुरांच्या बाजारगावांतल्या, डॉजसकट, हत्या मोजल्या. १८७० ते १८८५ या काळात त्या ४५ भरल्या. पडद्यावर तेवढे मुडदे एका हंगामात सहज पडत असतील. पण ही अतिशयोक्ती प्रेक्षकाला कळते. दर आठवड्याला कुणी भररस्त्यात पिस्तूल ओढत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. माळरान रिकामं होतं हे मात्र कुणी ओरडून सांगत नाही. कॅमेरा गाडीच्या मागं उभा राहतो, समोर क्षितिजापर्यंत गवत हलतं, संगीत सुरू होतं, आणि आपण ते मान्य करून टाकतो.

मालिकेतलं गाव वॉलनट ग्रोव्ह हे खरं गाव आहे, मिनेसोटाच्या नैऋत्येला, रेडवुड काउंटीत. चित्रीकरण कॅलिफोर्नियात झालं, म्हणून मागं डोंगर दिसतात; खऱ्या गावाभोवती सपाट काळी जमीन आहे. मालिकेत मोठं काम निघालं की माणसं मॅनकॅटोला जातात. माल न्यायचा असो की आणायचा, मॅनकॅटो. सातारच्या गोष्टीत पुण्याचं नाव यावं तसं ते नाव येत राहतं. मॅनकॅटो हा इथल्या मूळ रहिवाशांच्या, दकोटा लोकांच्या भाषेतला शब्द, अर्थ निळी माती. मिनेसोटा हे नावही दकोटाच. गावांना, नद्यांना, अख्ख्या राज्याला ज्यांच्या भाषेनं नावं दिली ती माणसं वॉलनट ग्रोव्हच्या बाजारात का दिसत नाहीत?

इंगल्स कुटुंब वॉलनट ग्रोव्हजवळच्या प्लम क्रीक या ओढ्याच्या काठी आलं ते १८७४ मध्ये. त्याच्या बारा वर्षं आधी त्याच काउंटीत काय झालं, ते सांगते.

१८५१ च्या दोन करारांनी दकोटा लोकांकडून सुमारे दोन कोटी चाळीस लाख एकर जमीन घेतली गेली. मोबदल्याचे पैसे हप्त्याहप्त्यानं, दर वर्षी मिळायचे होते. त्यातला बराच वाटा व्यापाऱ्यांनी जुन्या उधारीच्या नावाखाली परस्पर वळवला; कराराच्या वेळी दकोटा प्रमुखांकडून त्यासाठी वेगळ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या, आणि त्या कागदात काय लिहिलं आहे हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं. दकोटांच्या वाट्याला मिनेसोटा नदीकाठची एक चिंचोळी पट्टी उरली. १८५८ मध्ये तिचाही उत्तरेकडचा अर्धा भाग गेला. शिकारीचा मुलूख गेला, तेव्हा माणसं शेतीवर आणि वार्षिक हप्त्यावर आली. १८६१ मध्ये मक्याच्या पिकाला कीड लागली. १८६२ च्या उन्हाळ्यात सरकारी हप्ता थकला. एजन्सीच्या, म्हणजे दकोटांचा कारभार बघणाऱ्या सरकारी ठाण्याच्या, कोठारात धान्य होतं, पण पैसे आल्याशिवाय ते वाटायचं नाही असा नियम. आणि व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली.

इथे मी थांबते, कारण मालिकेतलं ओल्सनचं दुकान मला इथे आठवतं. काउंटरमागे उभी हॅरिएट ओल्सन, तिचा आखडलेला चेहरा, वहीत वाढत जाणारा आकडा, आणि समोर टोपी हातात धरून उभा चार्ल्स. मालिकेतल्या कितीतरी भागांचा ताण या एकाच दृश्यावर उभा आहे. आईला ते दुकान बघून वाण्याची वही आठवली, मला आईच्या आठवणींतला वाणी आठवला. त्याच परिसरात, तशाच दुकानाच्या तशाच काउंटरसमोर दकोटा माणसं उभी राहिली होती, आणि त्यांच्यासाठी कुठला गाव मदतीला आला नाही. अँड्र्यू मायरिक नावाच्या दुकानदारानं, भूक लागली असेल तर त्यांनी गवत खावं, असं म्हटल्याची नोंद आहे. १८ ऑगस्ट १८६२ ला युद्ध पेटलं. मायरिक पहिल्याच दिवशी मारला गेला आणि त्याच्या प्रेताच्या तोंडात गवत कोंबलेलं सापडलं. थकलेल्या हप्त्याचं सोनं, ७१ हजार डॉलर, रिजली किल्ल्यावर पोचलं तेही त्याच दिवशी.

युद्ध सहाएक आठवडे चाललं. शेकडो वसाहतवाले मारले गेले, त्यांत बायका आणि मुलंही होती. हे लपवून दकोटांची बाजू मांडता येत नाही आणि मांडूही नये. पण पुढे जे झालं ते न्यायाच्या नावानं झालं. लष्करी आयोगानं ३९२ जणांवर खटले चालवले, त्यांतले काही अवघ्या काही मिनिटांत संपवले, आणि ३०३ जणांना फाशी ठोठावली. लिंकन यांनी कागद मागवून यादी ३९ वर आणली, एकाला शेवटच्या क्षणी सूट मिळाली. २६ डिसेंबर १८६२ ला ३८ जणांना एकाच चौथऱ्यावर, एकाच वेळी फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासात एका वेळी इतक्या माणसांना कधीच फाशी दिलेलं नाही. ते गाव होतं मॅनकॅटो.

ज्यांच्यावर खटले नव्हते त्या सुमारे सोळाशे माणसांना, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, त्या हिवाळ्यात स्नेलिंग किल्ल्याखालच्या नदीकाठी कुंपणात डांबलं. १३० ते ३०० माणसं तिथे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढच्या वसंतात उरलेल्यांना राज्याबाहेर काढलं. ज्यांचा युद्धाशी संबंध नव्हता त्या हो-चंक लोकांनाही मॅनकॅटोजवळच्या सुपीक जमिनीवरून उठवलं. मिनिॲपोलिसच्या विमानतळाला लागूनच हा किल्ला आहे. आपल्याकडचे आईवडील आले की आपण त्यांना घ्यायला त्याच रस्त्यानं जातो. मी अकरा वर्षं जात होते आणि मला माहीत नव्हतं.

आणखी एक तारीख. घर बसवू पाहणाऱ्याला १६० एकर देणाऱ्या होमस्टेड कायद्यावर लिंकन यांनी सही केली ती त्याच वर्षी, २० मे १८६२ ला. तो लागू झाला १ जानेवारी १८६३ ला. मॅनकॅटोच्या फाशीला तेव्हा सहा दिवस झाले होते. कायद्यात अट होती की अर्जदार नागरिक असावा किंवा त्यानं नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला असावा. नॉर्वेहून काल उतरलेला माणूस अर्ज करू शकत होता. दकोटा माणूस तिथेच जन्मलेला, पण नागरिक नव्हता. अमेरिकेनं सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्व दिलं ते १९२४ मध्ये. टीव्हीवर आपण बघतो की धाडसी, कष्टाळू माणसाला जमीन मिळाली. कागद सांगतो की जमीन कुणाला मिळायची हे धाडसाच्या आधी ठरलेलं होतं.

कुणी म्हणेल, इंगल्स कुटुंबाला यातलं काय ठाऊक. चार्ल्सनं कुणाला फाशी दिलं नाही, कुणाला हाकललं नाही, तो आला तेव्हा जमीन मोकळी होती. मिनेसोटापुरतं हे काही अंशी खरं आहे. पण मालिकेची सुरुवात मिनेसोटात होत नाही. आरंभीच्या चित्रपटात ते कुटुंब कॅन्ससमध्ये घर बांधतं. खऱ्या आयुष्यातही ते १८६९ च्या सुमारास इंडिपेंडन्स गावाजवळ गेले होते, आणि ती जमीन ओसेज राष्ट्राची राखीव जमीन होती. ती विकायला काढलेली नव्हती. चार्ल्स तिथे शिरलेला होता, हजारो इतरांसारखाच, अशा भरवशावर की सरकार शेवटी आपल्याच बाजूनं निर्णय देईल. १८७० च्या जनगणनेच्या नोंदीत त्या भागातल्या गोऱ्या कुटुंबांच्या नावापुढे जमिनीची किंमत लिहिलेली नाही, कारण जमीन ओसेजांची होती. सरकारनं निर्णय दिला तो अपेक्षेप्रमाणेच. ओसेजांना कॅन्सस सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं.

याच चार्ल्सची मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी हे बालपण १९३५ मध्ये पुस्तकात लिहिलं तेव्हा त्या प्रदेशाबद्दल एक वाक्य होतं: तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते. सतरा-अठरा वर्षं ते कुणाला खटकलं नाही. मग एका वाचकानं प्रकाशकाला पत्र लिहिलं, वाइल्डरना स्वतःला वाईट वाटलं, त्यांनी चूक कबूल केली, आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतवाले’ हा शब्द आला. त्या बाईंबद्दल मला या एका कृतीमुळे आदर आहे. पण शब्द बदलला, चित्र तेच राहिलं, आणि १९७४ मध्ये तेच चित्र टीव्हीवर आलं.

मालिका निर्दय होती असं कुणी म्हणू नये. शाळेत मूलनिवासी रक्ताच्या मुलाचा छळ होतो, गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबातला काळा मुलगा शिकायची धडपड करतो, असे भाग तिच्यात आहेत आणि ते कळकळीनं केले आहेत. पण प्रत्येक वेळी प्रश्न येऊन थांबतो तो कुणाच्या तरी मनाच्या कोतेपणावर. गावात एक वाईट माणूस असतो, एक चार्ल्स असतो, आणि भाग संपेपर्यंत वाईट माणूस वरमतो. जमिनीचा कागद कुणी मागत नाही. मी पाहिलेल्या भागांत तरी हा प्रश्न इंगल्सच्या बांधापर्यंत आलेला नाही. माणसाच्या मनातला दुष्टपणा दाखवणं सोपं आहे, कारण मन पालटता येतं. जमिनीचा प्रश्न काढला की गोष्टीतल्या सगळ्यात चांगल्या माणसाचं घरही प्रश्नात येतं.

तरीही मी मालिका काढून टाका म्हणणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं बालसाहित्याच्या पुरस्काराला असलेलं वाइल्डरचं नाव काढलं, ते मला योग्य वाटलं. कुणाचं नाव पदकावर कोरायचं हा मान देण्याचा प्रश्न असतो, आणि दकोटा किंवा ओसेज लेखकानं ते पदक गळ्यात कसं घालावं याचा विचार व्हायलाच हवा. पण पदकाचं नाव बदलणं वेगळं आणि गोष्ट घराबाहेर टाकणं वेगळं. गोष्ट टाकली तर तिच्यातली भूकही जाईल, टोळधाडही जाईल. १८७० च्या दशकात त्या टोळांनी मिनेसोटाची शेतं वर्षामागून वर्ष फस्त केली आणि हजारो कुटुंबं खचली, हे खोटं नव्हतं. सुरुवातीला दोन ओळींची सूचना झळकवायची आणि पुढे सगळं होतं तसंच दाखवायचं, हाही उपाय नाही. ती सूचना कुणी वाचत नाही, आणि दाखवणारे मात्र मोकळे होतात.

नव्यानं करायचीच असेल तर गोष्ट पुरी करा. चार्ल्स गाडीतून उतरतो त्या जमिनीवर आधी कुणाचा मका होता ते दाखवा. ओल्सनच्या दुकानात उधारीची वही उघडली जाते, तशीच बारा वर्षांपूर्वीची दुसरी वही उघडा. मॅनकॅटोला जाणाऱ्या गाडीतून ती फाशीची जागा दिसू द्या. लॉराच्या वयाची ओसेज मुलगी कॅन्सस सोडून निघते तेव्हा कॅमेरा तिच्या गाडीतही बसू द्या. यानं इंगल्स कुटुंब लहान होत नाही. ज्याला एका घराचं दुःख कळलं त्याला शेजारच्या घराचंही कळतं, आईला बैल दिसले तसे. लहान मुलांना दोन गोष्टी एकत्र पेलत नाहीत असं मोठेच म्हणतात. आपल्या घरातली गोष्ट त्यांना फार लवकर आणि फार गुंतागुंतीची कळलेली असते.

आपण मराठी माणसांनीही एक काम करायला हवं, आणि ते आपल्या हातात आहे. आपण अजून ‘रेड इंडियन’ म्हणतो. लेखांत, भाषांतरांत, प्रवासवर्णनांत, मुलांशी बोलताना. चुकलेल्या दर्यावर्दीचा ‘इंडियन’ आणि त्याच्यापुढे कातडीचा रंग, असा तो शब्द आहे. आपल्याला कुणी ‘ब्राउन’ म्हणून हाक मारलेली आपण चालवून घेत नाही. दकोटा म्हणा, ओसेज म्हणा, शायेन म्हणा, ज्याचं जे नाव असेल ते म्हणा. नाव माहीत नसेल तर शोधा. आपण राहतो त्या गावाखाली कुणाची जमीन होती हे आज पाच मिनिटांत सापडतं. वेस्टर्न बघताना आपली सहानुभूती नेहमी गाडीतल्या माणसांकडे जाते, कारण कॅमेरा गाडीत बसलेला असतो. दीडशे वर्षं साहेबाच्या राज्यात काढलेल्या समाजानं तरी कॅमेरा कुठे बसला आहे हे बघायला शिकावं.

बर्फ वितळल्यावर आईला मी मॅनकॅटोला घेऊन गेले. वाचनालयासमोर, रेल्वेच्या रुळांजवळ एक लहानशी बाग आहे. तिथे चुनखडीच्या दगडात घडवलेला मोठा रानरेडा उभा आहे, आणि २०१२ मध्ये बसवलेली, कातड्याच्या गुंडाळीसारखी दिसणारी एक उंच पाटी आहे. तिच्यावर अडतीस नावं. दकोटा नावं, आम्हा दोघींनाही धड वाचता न येणारी. आईनं विचारलं, यांना का मारलं. मी युद्धाचं सांगायला लागले, मग थांबले आणि दुकानाचं सांगितलं. उधारी बंद झाली, कोठार भरलेलं होतं आणि दार उघडलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्या तिथं बहात्तरला खडी फोडायला तरी लावलं होतं. यांना तेवढंबी नाही?”

त्या जागी अनेक वर्षं डिसेंबरमध्ये घोडेस्वार येत असत. साउथ डकोटातल्या लोअर ब्रूलहून दकोटा माणसं घोड्यावरून निघायची, सोळा दिवस हिमवादळातून पाचशेवर किलोमीटर यायची आणि २६ तारखेला सकाळी मॅनकॅटोत पोचायची. अडतीस आणि आणखी दोघांच्या आठवणीसाठी. त्या दोघांना १८६५ मध्ये स्नेलिंग किल्ल्यावर फाशी दिलं होतं. वाटेतल्या गावांतले शेतकरी, त्याच वसाहतवाल्यांचे पणतू, त्यांच्या घोड्यांना वैरण आणि माणसांना जेवण द्यायचे. घोडा, बर्फ, मोकळं माळरान, लांबचा पल्ला. वेस्टर्नला जे जे लागतं ते सगळं यात आहे.

आणि २०२१ मध्ये मिनेसोटाच्या इतिहास संस्थेनं लोअर सू एजन्सीची शंभरावर एकर जमीन लोअर सू या दकोटा समाजाच्या हवाली केली. जिथे कोठार भरलेलं होतं आणि दार उघडलं नाही, तीच जमीन. वॉलनट ग्रोव्हहून गाडीनं तासाभराच्या आत पोचता येतं. पुढच्या हिवाळ्यात आई पुन्हा येणार आहे, तिला तिथेही न्यायचं ठरवलं आहे.